चिकाटी, हेका आणि टिटवीची चोच

मराठीत एक जुनी म्हण आहे, ‘टिटवीदेखील समुद्र आटविते.’ लहान जिवानंही मनावर घेतलं तर तो अचाट काम करून जातो, असा तिचा अर्थ आपण लावतो आणि परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलापासून नव्यानं धंद्यात पडलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना ती ऐकवतो. पण ही म्हण ज्या गोष्टीकडे बोट दाखवते ती पंचतंत्रातली गोष्ट उघडून पाहिली, तर तिथे समुद्र आटतच नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या टिटवीला अंडी घालायची असतात. जागा धोक्याची आहे, भरतीचं पाणी इथवर येतं, असं ती नवऱ्याला बजावते. तो टिट्टिभ मात्र ‘समुद्राची काय बिशाद’ अशा थाटात तिला गप्प करतो. समुद्र हे ऐकतो आणि याची जिरवावी म्हणून अंडी ओढून नेतो. मग टिट्टिभ आपल्या चोचीनं समुद्र कोरडा करण्याची प्रतिज्ञा करतो. म्हण इथेच थांबते, गोष्ट पुढे जाते. टिटवी त्याला समजावते की समुद्राशी वैर धरायचंच असेल तर एकट्यानं धरू नकोस, बाकीच्या पक्ष्यांना बोलाव. दुबळेही पुष्कळ एकत्र आले की कुणाला आवरत नाहीत. पक्षी जमतात, हे आपल्यानं होणारं काम नाही हे कबूल करतात आणि आपल्या राजाकडे, गरुडाकडे, गाऱ्हाणं नेतात. गरुड रुसतो आणि विष्णूच्या सेवेला जायला नकार देतो. शेवटी विष्णू समुद्रावर अग्निबाण रोखतो, आणि घाबरलेला समुद्र अंडी मुकाट्यानं परत करतो.

या गोष्टीच्या शेजारी पाली जातककथांमधली १४६वी कथा, काकजातक, ठेवून पाहावी. समुद्रकाठी लोकांनी नागांना नैवेद्य ठेवलेला असतो: दूध, भात, मासे, मांस आणि मद्य. कावळ्याचं एक जोडपं त्यावर ताव मारतं, मद्यही पितं आणि त्याच धुंदीत पाण्याच्या कडेला खेळायला जातं. एक लाट येते आणि कावळीला घेऊन जाते. कावळ्याचा आक्रोश ऐकून सगळे कावळे जमतात आणि ठरवतात की समुद्र उपसून तिला बाहेर काढायची. चोची भरभरून ते पाणी बाहेर टाकू लागतात. खाऱ्या पाण्यानं घसे सुकतात, डोळे लाल होतात, उपसावं तितकं पाणी पुन्हा भरतं. शेवटी समुद्राची देवता भयंकर रूप घेऊन त्यांना हुसकावून लावते. ही कथा बुद्धानं सांगितली ती रोज जेवण रांधून घालणारी बाई वारली म्हणून गळा काढून रडणाऱ्या काही म्हाताऱ्या भिक्खूंच्या संदर्भात, आणि ते कावळे म्हणजे पूर्वजन्मीचे हेच भिक्खू, असा तिचा शेवट आहे. कावळ्यांची जिद्द टिट्टिभापेक्षा कमी नव्हती. संख्याही होती, कष्टही होते. तरी ही गोष्ट त्यांच्या मेहनतीचं कौतुक करत नाही, त्यांना वेड्यांत काढते.

कृती एकच, समुद्र चोचीनं उपसण्याची, आणि निकाल मात्र दोन. प्राण्यांच्या प्राचीन गोष्टी प्रयत्नाची महती सांगतात, हा समज इथेच अडखळतो. माझ्या मते या गोष्टी ज्या गुणाला मान देतात तो आपल्या भाषेतल्या दोन शब्दांमधल्या फरकात नेमका पकडता येतो: चिकाटी आणि हेका. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हींत माणूस मागे हटत नाही. पण चिकाटी हेतूला चिकटते आणि हेका पद्धतीला. टिट्टिभाला अंडी हवी होती, कोरडा समुद्र नको होता. चोचीनं भागणार नाही म्हटल्यावर त्यानं चोच सोडली, अंडी सोडली नाहीत. कावळ्यांची कावळी तर माशांच्या पोटात गेलेली होती. साधायचं काही उरलंच नव्हतं आणि उपसणं तेवढं चालू होतं. युक्ती आणि चिकाटी हे दोन वेगळे धडे म्हणून आपण मुलांना शिकवतो, एक सशाच्या गोष्टीतून आणि दुसरा कासवाच्या. जुन्या गोष्टींत मात्र ती एकाच गुणाची दोन अंगं आहेत. मार्ग बदलायची तयारी नसेल तर चिकाटीचा हेका होतो, आणि हेतूवर पकड नसेल तर युक्तीची नुसती लबाडी होते.

सोयीचा तेवढा भाग उचलायचा आणि बाकीचा सोडायचा, ही आपली सवय फक्त टिटवीपुरती नाही. प्रयत्न केला तर वाळू रगडूनही तेल निघेल, अशा आशयाची वामनपंडितांची ओळ मराठीत इतकी मुरली आहे की ती चिकाटीचं ब्रीदवाक्यच होऊन बसली आहे. ती ओळ भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाच्या भाषांतराची सुरुवात आहे, आणि तो श्लोक मूर्खांबद्दलचा आहे. वाळूतून तेल, मृगजळानं तहान भागणं, सशाचं शिंग सापडणं, हे सगळं एक वेळ घडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं भर्तृहरी म्हणतो. म्हणजे वाळू आणि तेल हे तिथे अशक्यतेचं उदाहरण आहे. ज्या श्लोकात हट्टी माणसाला टोला आहे, त्याचीच पहिली ओळ तोडून आपण ती हट्टाच्या समर्थनाला वापरली. गोष्टींचंही असंच झालं. ‘तात्पर्य’ म्हणून शेवटी जोडलेलं एक वाक्य लक्षात राहिलं आणि मधली हकीकत विसरली गेली. इसापच्या गोष्टींच्या बाबतीत तर अभ्यासक हेच दाखवतात की बरीचशी तात्पर्यं नंतरच्या संग्राहकांनी जोडलेली आहेत. वक्त्याला प्रसंगाला साजेशी गोष्ट पटकन सापडावी, हा त्यांचा एक उपयोग होता. तात्पर्य ही गोष्टीवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. आत काय आहे ते उघडून पाहावं लागतं.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट उघडून पाहू. पेरी या अभ्यासकाच्या इसापसूचीत तिचा क्रमांक ३९० आहे आणि आपल्याकडे बालवाडीतल्या मुलालाही ती पाठ असते: तळाशी पाणी, कावळा एकेक खडा टाकतो, पाणी वर येतं. सांगताना गळतो तो मधला टप्पा. इसवी सन ४००च्या आसपास लॅटिनमध्ये गोष्टी रचणाऱ्या आविआनुसच्या कवितेत कावळा आधी ते भांडं कलंडवायचा प्रयत्न करतो. भांडं जड, बूड पक्कं. ते हलत नाही. जोर संपतो तेव्हा डोकं चालू लागतं, आणि मग खडे येतात. हा फसलेला प्रयत्न काढून टाकला की गोष्ट नुसत्या कष्टाची होते, कारण खडे टाकणं हे तेवढं मेहनतीचं काम उरतं. तो ठेवला तर कळतं की खरा क्षण पहिल्या खड्याच्या आधीचा आहे. पाण्यापर्यंत आपण कसे पोचणार, हा प्रश्न सोडून पाणी आपल्यापर्यंत कसं येईल, हा प्रश्न कावळ्यानं धरला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या बियानोर या ग्रीक कवीनं हे भांडं एका स्त्रीच्या थडग्यावर ठेवलं आहे. त्यात पावसाचं पाणी साठलेलं असतं, आणि युक्ती सुचते ती अपोलो देवाच्या प्रेरणेनं. रोमन प्लिनीनं हा प्रसंग गोष्ट म्हणून सांगितलाच नाही, निसर्गातली नोंद म्हणून दिला. ग्रीक लेखक प्लुटार्कनं तर कबूलच केलं की लिबियातले कावळे असं करतात ही आपल्याला थाप वाटत असे. पण जहाजावरचे खलाशी दूर गेलेले असताना एका कुत्र्याला अर्धवट भरलेल्या तेलाच्या बुधल्यात खडे टाकताना त्यानं पाहिलं आणि त्याचं मत बदललं.

प्लुटार्कच्या शंकेला दोन हजार वर्षांनी प्रयोगशाळेत उत्तर मिळालं. २००९मध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या संशोधकांनी इंग्लंडमध्ये रूक जातीच्या चार पक्ष्यांसमोर उभ्या पारदर्शक नळ्या ठेवल्या. रूक म्हणजे युरोपातला कावळ्याचा सख्खा भाऊबंद. नळीत पाणी होतं, त्यावर अळी तरंगत होती आणि चोच तिथवर पोचत नव्हती. पक्ष्यांनी शेजारचे दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मोठे दगड टाकले तर काम लवकर होतं हे त्यांनी हेरलं आणि नळीत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा असेल तर दगड वाया घालवायचे नाहीत, हेही ते शिकले. रूक मोकळ्या रानात हत्यारं वापरताना दिसत नाहीत, ही यातली विशेष गोष्ट. २०१४मध्ये सेरा जेल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी दक्षिण प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांवर असेच प्रयोग केले. वाळूची नळी सोडून पाण्याची निवडणं, तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या उचलणं, पोकळ टाकून भरीव घेणं, हे त्या कावळ्यांना जमलं. पण रुंद आणि अरुंद नळीतला फरक त्यांना त्या प्रयोगात ओळखता आला नाही, आणि आतून जोडलेल्या पण वरून वेगळ्या दिसणाऱ्या नळ्यांपुढे ते चकले. त्यामुळे कावळ्याला आर्किमिडीज ठरवणं घाईचं होईल. दगड टाकण्याची ओळखही या पक्ष्यांना आधीच्या प्रयोगांतून किंवा सरावातून झालेली होती. पण आपल्या मुद्द्याला हे पोषकच आहे. दुसऱ्या कामासाठी अंगवळणी पडलेली हालचाल नव्या अडचणीला लावून पाहायची आणि प्रत्येक खड्यासरशी पाणी हलतं का इकडे नजर ठेवायची, हीच तर युक्ती. पाणी हललं तर पुढचा खडा. भुसा असेल तर थांबायचं. हेका धरणारा भुशातही दगड टाकत राहतो.

थांबायचं कुठे, हे तर त्या भांड्याच्या हिशेबातच दडलेलं आहे. साधारण सारख्या आकाराचे गोलसर खडे भांड्यात टाकत गेलं, तर त्यांच्यामधल्या फटींची जागा ढोबळमानानं ४० टक्के भरते. म्हणजे खडे जिथवर रचले गेले तिथवरच्या जागेत पाच भागांपैकी दोन भाग पाणी मावतं. सरळ उभ्या भांड्यात चार बोटं पाणी असेल, तर कितीही खडे टाकले तरी ते दहा बोटांच्या वर चढणार नाही. त्यानंतरचे खडे पाण्याच्या डोक्यावर कोरडेच बसतील. भांडं वीस बोटं उंच असेल आणि चोच तीन बोटं आत जात असेल, तर तो कावळा जन्मभर खडे टाकूनही तहानलेलाच राहील. घरातला पेला आणि मूठभर चणे घेऊन हे कुणालाही पाहता येईल. गोष्टीत कावळ्याला यश येतं, कारण त्या भांड्यात पुरेसं पाणी होतं. प्रयत्नाला परिस्थितीची ही अट कायम असते, आणि ती अट पारखणं हा प्रयत्नाचाच भाग आहे.

ही पारख पंचतंत्रात जागोजागी शिकवलेली दिसते. टिट्टिभाची बायको नवऱ्याला जी उपकथा ऐकवते तिच्यात एका तळ्यातले तीन मासे आहेत: अनागतविधाता, म्हणजे संकट येण्याआधीच तजवीज करणारा, प्रत्युत्पन्नमती, म्हणजे ऐन वेळी ज्याला सुचतं तो, आणि यद्भविष्य, म्हणजे होईल ते होईल म्हणणारा. कोळी उद्या येणार हे कळताच पहिला तळं सोडतो. दुसरा जाळ्यात सापडतो, पण मेल्याचं सोंग घेऊन निसटतो. तिसरा मरतो. मराठीत ज्याला आपण प्रसंगावधान म्हणतो त्याला या गोष्टीनं दुसरा क्रमांक दिला आहे, पहिला दिलेला नाही, हे ध्यानात घ्यावं. याच ग्रंथातला ससा, रोज एक प्राणी खाणाऱ्या सिंहाकडे पाळी आल्यावर मुद्दाम उशिरा जातो. पण विहिरीची कल्पना त्याला घरबसल्या सुचलेली नसते. पंचतंत्राच्या एका पाठात तो वाटेत विहिरीपाशी जातो, वाकून पाहतो आणि त्याला पाण्यात आपलंच प्रतिबिंब दिसतं. उशीर झाल्यानं सिंह चिडलेला, त्यात दुसरा सिंह आपला घास अडवतो म्हटल्यावर तो आंधळा होणार आणि विहिरीतल्या प्रतिबिंबावर झेप घेणार, हे सशानं ओळखलं. सिंहाला मारायचं बळ सिंहाच्याच रागात होतं. कावळा, कावळी आणि झाडाच्या ढोलीतला काळा नाग या गोष्टीतही असंच आहे. कावळ्याच्या चोचीनं नाग मरणार नाही. मग मित्र असलेल्या कोल्ह्याच्या सल्ल्यावरून राजवाड्यातल्या बायका पाण्यात उतरलेल्या असताना काठावरचा सोन्याचा दागिना उचलायचा, पण पळवायचा असा की राखणदारांना दिसेल आणि मागे धावता येईल, आणि नेऊन टाकायचा नागाच्या ढोलीत. दागिना काढायला आलेले सोटेवाले नागाचं काय करतील, हे ठरलेलंच. इथे युक्तीचं सगळं भांडवल बाहेरचं आहे: मित्राचा सल्ला, माणसाची लालसा, राखणदाराचं कर्तव्य. कावळ्याचं स्वतःचं काय, तर कोण कधी कसं वागतं याचं निरीक्षण.

यावर पहिला आक्षेप कासवाकडून येईल. ससा आणि कासवाची गोष्ट इसापचीच, प्राचीनच, आणि तिच्यात कासव काहीही शोधून काढत नाही. ते फक्त चालतं. आक्षेप रास्त आहे, पण त्या गोष्टीतला रस्ता पाहावा. तो मोकळा आहे. कासवापुढे भिंत नाही, चोच न पोचणारं भांडं नाही, समुद्र नाही. वाट उघडी असेल तिथे पावलामागे पाऊल टाकणं हाच सर्वांत शहाणा उपाय असतो आणि नवी शक्कल लढवणं हाच वेळेचा अपव्यय. पण ही गोष्ट सगळ्या अडचणींना लावता येत नाही, कारण ससा झोपला नसता तर कासव हरलं असतं. लोककथा सांगणाऱ्यांना हे टोचलं असावं. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या अशाच शर्यतीत काटेरी साळूसारखा दिसणारा हेजहॉग सशाशी पैज लावतो आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारख्याच दिसणाऱ्या बायकोला उभं करतो. ससा धावून धावून मरतो. इथे धावत राहणं हे हरणाऱ्याचं लक्षण झालं आहे. सहा वेळा पडून सातव्यांदा यश मिळवणाऱ्या कोळ्याची आणि रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्टही चिकाटीचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. पण ती घरोघरी पोचली ती १९व्या शतकात, वॉल्टर स्कॉटनं मुलांसाठी लिहिलेल्या स्कॉटलंडच्या इतिहासामुळे. तेच ते करत राहा, यश येईल, हा सूर त्या काळाला आवडणारा होता. तो सूर पंचतंत्राच्या किंवा जातकांच्या माथी मारू नये, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या गोष्टी युक्तीच्या नावाखाली फसवणूक शिकवतात असं म्हणणारे वाचक प्रत्येक काळात होते. ससा खोटं बोलतो, माकड मगरीला काळीज झाडावर ठेवल्याची थाप देतं, आणि पंचतंत्राच्या मित्रभेद या तंत्रात तर दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या जिवलग मैत्रीत विष कालवून बैलाला ठार करवतो आणि वर राजाचा मंत्री होऊन सुखानं राहतो. सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्यानं हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं तो ‘कलीला व दिमना’ या नावानं अरबीत आणला. तेव्हा दमनकाचा हा विजय मानवला नाही म्हणून की काय, अरबी ग्रंथात एक जादा प्रकरण आलं, ज्यात दिमनाची, म्हणजे दमनकाची, चौकशी होते आणि त्याला मृत्यूची शिक्षा मिळते. त्या जोडप्रकरणानं बजावलं की सुचणं आणि चांगलं असणं एक नव्हे. संस्कृत ग्रंथाची दृष्टी वेगळी होती. त्यात दक्षिणेतल्या महिलारोप्य नगराच्या अमरशक्ती राजाच्या तीन ढ मुलांना विष्णुशर्मा सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवतो. नीती या शब्दाचा तिथला अर्थ सदाचार एवढाच नाही. जगात वाट कशी काढावी आणि कसं निभावावं याचं शहाणपण, असा तो आहे. १९व्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयानं इसापच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ म्हणून मराठीत छापल्या गेल्या, पुढे सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी ‘इसापनीतिकथा’ लिहिल्या आणि ‘इसापनीती’ हा शब्द रूढ झाला. मधल्या काळात नीती शब्दाचा अर्थ आक्रसून शील एवढाच राहिला, आणि मग शील शिकवणाऱ्या पुस्तकात थापा कशा, असा प्रश्न पडू लागला. राजपुत्राला दमनकाची गोष्ट सांगायची ती दमनक होण्यासाठी नव्हे, दरबारात दमनक ओळखता यावा म्हणून. आणि सशाची थाप तपासताना ती कोण कुणाला मारतो हेही पाहावं लागतं. रोज एक प्राणी खाणाऱ्यापुढे खरं बोलण्याचं बंधन खाल्ल्या जाणाऱ्यावर घालणं, ही कसली नीती?

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. दुबळ्याला ‘डोकं लढव, चिकाटी धर’ असं सांगणं म्हणजे त्याच्या हालांची जबाबदारी त्याच्याच गळ्यात घालणं. पाण्याचं भांडं भरून ठेवणं ज्यांचं काम होतं त्यांना कोणी विचारत नाही आणि कावळ्याला मात्र खडे वेचायला लावलं जातं. व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या सुविचारांतून या गोष्टी ज्या रीतीनं वापरल्या जातात, ते पाहता हा आक्षेप खराच आहे. पण तो गोष्टींवर लागू होत नाही, कारण त्यांच्याच संग्रहात लांडगा आणि कोकरू आहेत. तू माझं पाणी गढूळ करतोस, असं लांडगा म्हणतो. मी तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे, असं कोकरू उत्तर देतं. गेल्या वर्षी तू शिवी दिलीस. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. कोकराचं प्रत्येक उत्तर बिनतोड आहे, प्रसंगावधानाला तोड नाही, आणि तरी लांडगा त्याला खातो. बुद्धीनं सगळं जिंकता येतं असं आश्वासन देणाऱ्या परंपरेनं ही गोष्ट जपली नसती. इसाप हा सामोस बेटावरच्या इआदमोनचा गुलाम होता, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. गुलामाला मनातलं उघड बोलायची भीती, म्हणून प्राण्यांच्या तोंडून बोलायची ही रीत निघाली, असं रोमन कवी फेड्रस सांगतो, आणि परंपरेनुसार तोही मुक्त झालेला गुलामच. ज्याला हरण्याची खरी किंमत माहीत असते, तो जिंकण्याची हमी देत नाही. तो एवढंच सांगतो की कुठे उत्तर चालतं, कुठे पळावं लागतं आणि कुठे चार जणांना हाक मारावी लागते.

चौथी बाब म्हणजे या गोष्टींतली हाक. युक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा हुशार प्राणी येतो. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्राची सुरुवात मात्र चित्रग्रीव नावाच्या कबुतरांच्या राजानं होते. जाळ्यात अडकल्यावर प्रत्येक कबूतर आपापल्या दिशेनं ओढू लागलं असतं तर जाळं तिथेच राहिलं असतं. सगळी एकदम उडतात आणि जाळ्यासकट हिरण्यक उंदराच्या बिळाशी उतरतात. हिरण्यक मित्राचे पाश आधी तोडायला धावतो, तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवतो: आधी माझ्या लोकांचे, मग माझे. उडायचं बळ कबुतरांचं, दात उंदराचे, आणि कुणाकडे जायचं हे ठाऊक असणं चित्रग्रीवाचं. काकजातकातल्या कावळ्यांकडेही संख्या होती, पण सगळ्यांच्या हाती एकच हत्यार, चोच. सारखीच चोच शंभरदा मोजली तरी तिचा दात होत नाही. टिटवीच्या गोष्टीत पक्षी जमल्यावर आधी आपलं बळ मोजतात आणि ते कमी भरतं म्हणून गरुडाकडे जातात. आपल्यानं होणार नाही हे मान्य करणं, हा तिथे हार मानण्याचा क्षण नाही. तिथूनच अंडी परत येण्याची वाट सुरू होते.

मराठीत ही टिटवी फार आधी उतरली आहे. १२९०मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेवर बोलायला निघालेले ज्ञानेश्वर स्वतःला चोचीनं सागराचं माप घेऊ पाहणाऱ्या टिटिभाची उपमा देतात. नम्रतेचा संकेत म्हणून आपण ते वाचतो आणि पुढे जातो. पण त्यांनी ती गोष्ट अर्ध्यावर सोडलेली नाही. चोच केवढी आणि सागर केवढा हे आधी सांगून टाकल्यावर काही ओव्यांतच ते म्हणतात की आपल्याला एक आधार आहे, सद्गुरू अनुकूल आहेत, म्हणून हे धाडस. बळाचं माप आधी, मग आधाराकडे वळणं, आणि हेतूवरची पकड शेवटपर्यंत. नऊ हजारांवर ओव्यांनंतर अठरावा अध्याय पुरा झाला तेव्हा गीतेचा सागर काही आटलेला नव्हता. किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांच्या ओंजळीत तो आला होता.